सरकारी कागदावर आम्ही दोघी

सर्व्हेवाल्या मॅडमना घरं दाखवत चार दिवस गल्ली फिरले आणि पदराला कुसळं लागावीत तसे किस्से लागले. झटकले तरी निघत नाहीत.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. विड्या वळता वळता पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. तरी मॅडमच्या टॅबवरचा फॉर्म पहिल्याच दिवशी मला पाठ झाला. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. मग त्याचा प्रकार: एकटं माणूस, नवरा-बायको-मुलं, एकत्र कुटुंब, नाहीतर नात्याचे नसून सोबत राहणारे. त्या शेवटच्या खान्यावर माझा डोळा होता. विड्यांच्या कामावरची माझी जोडीदारीण नूरजहाँ आणि मी, अकरा वर्षं एका घरात राहतो. पुण्याचा लेक मात्र फोनवर एकच धरून बसलाय, "आई, तू एकटी राहतेस, घर विकू, इकडं ये." म्हटलं, सरकारच्या कागदावर एकदा 'दोघी' लागू दे, मग बघते त्याच्याकडं. आमचं घर यादीत शेवटी होतं.

*

पहिल्याच घरी मॅडमनी विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?"

सगळ्यांनी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. म्हातारा म्हणाला, "मीच की. पण सून बाजारला गेलीया. ती आली की इचारून पक्कं सांगतो."

*

पुढं दोन भाऊ. वेगळे लिहिले की योजना दोनदा मिळते, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. थोरली जाऊ दोन शेगड्या दाखवून म्हणाली, "ही माझी, ती तिची." मॅडमनी दोन कुटुंबं लिहिली.

शेजारच्या घरात गेलो तर ओटा रिकामा.

"तुमचा स्वयंपाक कशावर होतो?"

"शेगडीवर की. आत्ता तेवढी शेजारी गेलीया. दुपारपातुर देतो म्हणलेत."

मॅडम मागं फिरल्या आणि दोनाचं एक करून आल्या.

*

एका आजीच्या तीन लेकांच्या तीन चुली, खऱ्याच वेगळ्या. आजीला कुणात मोजायचं?

"आजी, कायम कुठं जेवता?"

"तिन्हीकडं. न्हाईतर नावं कुणाला ठिवू?"

"बरं, झोपता कुठं?"

"धाकटीकडं. तिच्यावर माया हाय म्हणून न्हाय. पंखा तितं हाय."

*

चौथ्या दिवशी आमचं घर. मी मॅडमना खुर्ची दिली आणि ऐटीत समोर बसले. नूरजहाँ आतल्या खोलीत.

"आजी, चूल एकच ना?"

चार दिवस गल्लीला 'खरं बोला' म्हणून दटावत होते मी. आता जीभ कशी वळवू?

"दोन," मी म्हणाले. आठवडाभर आमचा अबोला चालला होता. माझ्या आमटीला ती पाणी म्हणाली, मी म्हटलं, मग खाऊ नको. तेव्हापासून ती आत स्टोव्हवर वेगळं शिजवत होती.

मॅडमचं बोट टॅबवर थांबलं. "मग नियमानं दोन कुटुंबं होतात, आजी. तुम्ही एकट्या, त्या एकट्या."

आता लेकाला काय सांगणार होते?

आतला स्टोव्ह फुस्स करून विझला. नूरजहाँ फडक्यात पातेलं धरून बाहेर आली आणि माझ्या गॅसवर तिनं ते ठेवलं.

"लिखो मॅडम, एकीच चूल्हा. आमटी तो इसकी पानीच है, वो अलग बात."