चांगल्या रिपोर्टची तयारी

नाशिक रोडला आमचे एक डॉक्टर होते. उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसली, की दार उघडं ठेवून ओरडायचे, "बाई, लग्नाचं जेवण जेवून आलात काय?" बाहेर बाकावर बसलेले पेशंट हसायचे. आईने त्या हसण्याचा असा धसका घेतला, की तपासणीआधी तीन-चार दिवस ती कारल्याचा रस आणि अर्ध्या भाकरीवर राहायची. रिपोर्ट छान यायचा, डॉक्टर कौतुक करायचे. घरी आली, की पुन्हा गोड चहा आणि वाटीभर शिरा.

मी म्हणायचे, "अगं, त्यात फक्त त्या सकाळची साखर कळते. त्यांना खरं सांग."

"मग तू खा त्यांच्या शिव्या," ती म्हणायची.

तो उपासमारीचा आकडा बघून त्या शहाण्याने गोळी कमी केली. विचारलं काहीच नाही. पुढे तिच्या पायाची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापायचा ठरला. ऑपरेशनच्या सकाळी नर्स साखर तपासायला आली, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला.

"काल रात्री मी पोटभर जेवलेय गं. ते ओरडतील."