मरळीची पिल्लं

हिंजवडीला जाणारी आमच्या कंपनीची बस धायरीच्या फाट्यावर सव्वासातला यायची. त्याआधी अर्धा तास मी नदीकडे चक्कर मारत असे. गेल्या मे महिन्यात मुठेच्या पात्रात, मुख्य धारेपासून तुटलेला एक डोह उरला होता. तिथे गळ टाकून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी मला पाण्यावर हलणारा तांबूस पुंजका दाखवला.

"मरळीची पिल्लं हायत, ताई. हात नका घालू. खाली आईबाप हायत."

मी एक वाळकं पान टाकलं. पुंजका फुटला आणि खालून सापासारखं चपटं डोकं वर आलं. मी घाबरून मागे सरले. काका हसले. मरळ माशांची ही जोडी काठच्या गवतात जागा साफ करते, तिथे अंडी तरंगतात आणि पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत दोघं त्यांना सोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "तोवर मी बी मरळ धरत न्हाई."

मग मी रोज जाऊ लागले. एका गुरुवारी पाहिलं तर कुणीतरी डोहात राडारोड्याचे ट्रक रिकामे केलेले. निम्मा डोह बुजला होता.

मी फोटो काढले, बस गाठली आणि कार्यालयं उघडताच फोन लावले. एका कार्यालयाने सांगितलं, "आमच्याकडे कचरा येतो, पाणी नाही." दुसऱ्याने सांगितलं, "पाणी येतं, पण मासे नाहीत." तिसरीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अहो बाई, मासेच ना? मंडईत भरपूर मिळतात." मी फोटोसह अर्ज भरला. फोटोचा आकार मोठा आहे म्हणून तो दोनदा परत आला.

आणखी ट्रक आले आणि रविवारी डोह जेमतेम एका खोलीएवढा उरला. काकांनी जाळं टाकून एक मोठी मरळ धरली, ओल्या पोत्यात गुंडाळून धारेत सोडली. दुसरी सापडलीच नाही. मी बादलीतून पिल्लं नेऊन तिथेच ओतली. पण मोठी मरळ केव्हाच खोल निघून गेली होती. पिल्लं वर गोळा झाली आणि धारेतल्या चिलापी माशांनी माझ्यादेखत ती टिपायला सुरुवात केली. मी पाण्यात उतरून हात आपटत राहिले. काकांनी दंड धरून मला बाहेर काढलं.

मंगळवारी मोबाईलवर उत्तर आलं : 'स्थळपाहणी केली असता मासे आढळून आले नाहीत. तक्रार निकाली.'

मी ते काकांना वाचून दाखवलं आणि तावातावाने बोलत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गुरुवारी मला का न्हाई सांगितलं?" ते म्हणाले. "डोहापासून धारेपर्यंत चर मारला असता. दोन फावड्यांचं काम व्हतं. आईबाप पोरांना घेऊन आपसूक गेले असते."

गुरुवारी ते हाकेच्या अंतरावर, वळणापलीकडे मुख्य धारेत गळ टाकून बसले होते. मी फोटो काढून, कुणाकुणाला फोन लावायचे ते ठरवत बसकडे धावले होते.