साफ, चलेगी, घिसी

आमच्या फोनवरच्या ग्रुपात आम्ही पाच जण होतो आणि पाचांनाही एकच वेड. अमेरिकेतल्या, फार जुन्या, तिकडेही कुणी धड न ऐकलेल्या गायकांच्या रेकॉर्ड जमवायच्या. ब्लूज, रॉकबिली, अगदी सुरुवातीचं रॉक अँड रोल. नावाजलेला गायक आम्हाला चालत नाही. ज्यानं जन्मात दोन गाणी रेकॉर्ड केली आणि मग गुपचूप ट्रक चालवायला लागला, असा माणूस आम्हाला हवा असतो. चौघे पुरुष, दोन दिल्लीचे, एक इंदूरचा, एक अजमेरचा, आणि मी. मी सांगलीची, विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेली. नातेवाईक विचारतात, सांगलीची बाई असून हे काय ऐकतेस गं? मी म्हणते, मी ऐकते तर तुमच्या पोटात का दुखतंय?

जयपुरात या रेकॉर्ड मिळतात, खोटं नाही सांगत. चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, जुन्या सामानाची दुकानं आहेत. तिथे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड वर काचेत मांडलेल्या असतात, आणि जुन्या क्लबांतून, रेल्वे कॉलन्यांतून, साहेबलोकांच्या बंगल्यांतून आलेला इंग्रजी माल खाली खोक्यात, चपलांशेजारी. दुकानदार त्याला ‘अंग्रेज़ी शोर’ म्हणतो. मी ओढणी कमरेला खोचून जमिनीवर बसते आणि तो शोर उपसते. त्यातल्या जुन्यात जुन्या तबकड्या लाखेच्या. त्याच गल्लीत शेगडीवर लाखेच्या बांगड्या वळतात ना, तीच लाख. ऊन लागलं की वाकते, हातातून सुटली की कपचे उडतात. त्यामुळे मे महिन्यात आमच्या घरातला एसी रेकॉर्डच्या खोलीत चालतो. नवरा कुरकुरतो, ‘त्यांना एसी आणि मला पंखा.’ कुरकुरतो, पण तोच दुपारी उठून खोलीचे पडदे ओढून घेतो. त्यानं नोकरी लवकर सोडली, घर तोच बघतो, आणि स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा करतो.

ग्रुपात खरेदी-विक्री नव्हती, फक्त अदलाबदल. आणि त्याचा एक नियम होता. परदेशी लोक रेकॉर्डला शंभर प्रकारचे दर्जे लावतात, फोटो काढतात, उजेडात धरून चरे मोजतात. आमच्यात तसलं काही नाही. पाठवणाऱ्यानं दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि तीनपैकी एक शब्द लिहायचा. साफ, चलेगी किंवा घिसी, म्हणजे झिजलेली. लाख फसवी असते, वरून काळीभोर चमकते आणि आत खरखर भरलेली असते, म्हणून डोळ्यांवर भरवसा नाही. कानावर. घेणाऱ्यानं त्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि आपली रेकॉर्ड पाठवून द्यायची. आणि सांगायला काय लाजायचं, ग्रुपात माझा शब्द सगळ्यांत वजनदार होता. दिल्लीचे दोघे भांडले की म्हणायचे, मॅडमना ऐकवा. मॅडम म्हणतील ते. ऑफिसात माझ्या सहीला जेवढा मान नाही तेवढा इथे माझ्या कानाला होता, आणि मला तो फार आवडायचा.

होळीच्या आसपास अजमेरच्या गृहस्थांकडून एक पार्सल परत आलं. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, वयानं माझ्याहून मोठे, मला बहनजी म्हणायचे. मी त्यांना पाठवलेली रेकॉर्ड तशीच परत, आणि ग्रुपवर चौघांसमोर एकच ओळ: ‘बहनजी, यह साफ नहीं है। आपने सुनी थी?’

सुनी थी? मला? माझं डोकं अस्सं सणकलं की विचारू नका. मी रेकॉर्ड लावली, कान जवळ नेला. गिटार, मागे ढोलकीसारखा बास, गायकाचा घोगरा आवाज. कुठे खरखर नाही, काही नाही. नवऱ्याला हाक मारली. ‘अहो, इकडे या. नीट ऐका आणि सांगा, खरखर येतेय का?’

तो हात पुसत दारात उभा राहिला. ऐकलं. म्हणाला, ‘नाही गं. छान वाजतेय.’

झालं. मी ग्रुपवर लिहिलं की काही लोकांनी आपली सुई बदलावी आणि मग दुसऱ्याच्या कानावर शंका घ्यावी. मी पुढे लिहिलं, ज्याला माझ्या शब्दावर भरवसा नाही त्यानं ग्रुपात राहू नये. ग्रुप मी चालवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मी त्यांना काढून टाकलं. बाकी तिघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, बघा, सगळे माझ्या बाजूनं आहेत.

तेवढ्यावर थांबेन तर मी कसली? मला पुरावा हवा होता. टर्नटेबल लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड त्यात उतरवता येते, गाण्याची रेघ पडद्यावर उमटते. मी ठरवलं, ही रेकॉर्ड उतरवायची आणि त्यांना खासगीत पाठवायची, की घ्या, ऐका आता. रविवारची दुपार होती. नवरा मटार सोलत बसला होता. मी सुई टेकवली.

गाणं सुरू होण्याआधी थोडी रिकामी जागा असते. तिथे काही वाजत नाही, तेव्हा पडद्यावरची रेघ सपाट हवी. ती सपाट नव्हती. बाभळीच्या फांदीसारखी काट्यांनी भरलेली होती. मला ऐकू येत होती शांतता, आणि डोळ्यांपुढे काटेच काटे. मी वायर काढून परत लावली. लॅपटॉप बंद करून सुरू केला. पुन्हा काटे. मग कधीच न वाजवलेली, नव्यानं छापलेली एक रेकॉर्ड लावली. रेघ सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. परत अजमेरवाली. काटे.

मी कपाटातून एकेक काढून लावायला लागले. ज्या मी साफ म्हणून ठेवल्या होत्या, त्यातल्या कितीतरी काट्यांनी भरलेल्या. मला दोन्ही सारख्याच ऐकू येत होत्या.

स्वयंपाकघरात गेले. ‘अहो, खरं सांगा. त्या दिवशी खरखर येत होती ना?’

तो वर बघेना. मटार सोलत राहिला.

‘मी काय विचारतेय?’

‘येत होती,’ तो म्हणाला.

‘मग छान वाजतेय काय म्हणालात?’

‘दोन वर्षं झाली, तुला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दाराची बेल मीच ऐकतो. सकाळी बाल्कनीत चिमण्या कलकलाट करतात आणि तू म्हणतेस, जयपुरात चिमण्याच राहिल्या नाहीत. मी काय बोलू? तुझा जीव त्या कानात आहे.’

मी तिथेच खाली बसले. आणि मग त्यानं उरलेलं सांगितलं, ते ऐकून मात्र मी उभी राहिले. यानं गेल्या वर्षी, मला न विचारता, माझ्या फोनमधून नंबर घेऊन चौघांनाही फोन केले होते. तिला सांगू नका म्हणून हात जोडले होते. दिल्लीचे दोघे आणि इंदूरवाला लगेच कबूल झाले. तेव्हापासून मी घासून चोथा झालेल्या रेकॉर्ड साफ म्हणून पाठवत होते आणि ते लिहीत होते, ‘वाह मैडम, एकदम साफ।’ त्यांच्याकडच्या चांगल्या मला येत होत्या आणि माझा कचरा ते मुकाट्यानं घेत होते. अजमेरचे म्हणाले होते, झूठ नहीं बोलूँगा, हाँ, चुप रह सकता हूँ। वर्षभर ते गप्प राहिले. शेवटी त्यांनाही राहवलं नाही, आणि जो एकटा खरं बोलला त्याला मी चहा पिता पिता हाकलून दिलं.

‘आणि तुम्ही बघत बसलात?’ मी ओरडले. ‘मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही मटार सोलत बसलात?’

‘तेव्हा मटार नव्हते,’ तो म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता, घाबरला की तो असंच काहीतरी बोलतो. मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. बहिरी होतेय म्हणून रडले हे खरंच, पण त्याहून जास्त संताप दयेचा होता. चार पुरुषांनी मिळून एका बाईला वर्षभर लहान मुलासारखं खेळवलं. खेळात लहानग्याला कच्चा लिंबू करून घेतात ना, तशी मी. आणि आपण अंपायर आहोत अशा तोऱ्यात फिरत होते.

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण हातात धरून वाट बघत बसले आणि बाहेर आल्यावर कळलं, तेवढ्यात कितीतरी आवाज येऊन गेले होते. खालचे, जाडे सूर शाबूत आहेत, वरचे बारीक गेले. परत येणार नाहीत. मशीन लावा म्हणाले. ते बनून यायला वेळ होता.

मग मी अजमेरला फोन केला. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणाले, भाईसाहब, तुमची सुई बरोबर होती. मी म्हणाले, माझ्याकडच्या सगळ्या मला पुन्हा ऐकवून घ्यायच्या आहेत, खरं सांगणाऱ्या माणसाकडून. फोनवर लावू का?

‘फोन पर क्या समझ आएगा,’ ते म्हणाले. ‘मैं आता हूँ।’

रविवारी सकाळच्या गाडीनं आले. खिशात स्वतःची सुई, छोट्या डबीत. माझ्यावरचा राग गेला नव्हता, चपला काढतानाच कळत होतं. नवऱ्यानं पोहे केले होते, ते त्यांनी न बोलता खाल्ले, मग खुर्ची ओढून डोळे मिटून बसले. मी रेकॉर्ड लावायची, ते ऐकायचे आणि एक शब्द बोलायचे. घिसी. चलेगी. घिसी. घिसी. साफ. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी एकदाही आवाज मऊ केला नाही. प्रत्येक ‘घिसी’ला माझा नवराच तोंड बारीक करायचा. मला उलट बरं वाटत होतं. वर्षभरानं कुणीतरी मला मोठ्या माणसासारखं वागवत होतं.

सगळ्यांत शेवटी मी माझी लाडकी काढली. लाखेची, चारदीवारीतल्या खोक्यातून मिळालेली, गायकाचं नाव आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेलं नाही. एकटा माणूस आणि एक गिटार. तो गाता गाता लाकडी जमिनीवर पाय आपटतो. हलकेच, पण मध्येच एका ओळीला विसरतो आणि मग दोनदा भरभर आपटून ताल पकडतो. त्या चुकलेल्या पायासाठी मी ती रेकॉर्ड रोज रात्री जेवण झालं की लावायची. नवरा ओट्याशी भांडी लावत असायचा, मी आतून ओरडायची, आला बघा पाय! तो म्हणायचा, हो हो, आला.

रेकॉर्ड संपली. भाईसाहेबांनी डोळे उघडले.

‘बहनजी, यह तो पूरी घिसी है। आवाज़ से ज़्यादा चरचराहट है।’

‘पण पाय?’ मी विचारलं. ‘पायाचा आवाज?’

‘कौन सा पैर?’

मी परत लावली. नेमक्या जागी बोट वर केलं. ते पुढे वाकले, कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. मग मान हलवली. ‘इतनी चरचराहट में कुछ नहीं सुनाई देता, बहनजी।’

मला स्वच्छ ऐकू येत होता. ठप, ठप, मग चूक, मग ठपठप. माझ्या कानाला चरचर कळतच नव्हती, त्यामुळे तो पाय मला मोकळा सापडत होता आणि त्यांना त्या आवाजाखाली पुरलेला. मी नवऱ्याकडे वळले. ‘अहो, तुम्ही सांगा यांना.’

तो दारात उभा होता. खांद्यावरचं फडकं हातात घेतलं, परत खांद्यावर टाकलं.

‘मला तो पाय कधीच ऐकू आला नाही गं,’ तो म्हणाला. ‘तू आतून ओरडायचीस, म्हणून मी हो म्हणायचो.’

एवढ्या रात्री आम्ही दोघं ऐकत होतो असं मला वाटत होतं, आणि त्या घरात ऐकणारी मी एकटीच होते. मग मी तिसऱ्यांदा सुई टेकवली, चप्पल काढली, आणि तो जिथे जिथे पाय आपटत होता तिथे तिथे फरशीवर माझा पाय आपटत राहिले. इथे. इथे. आता चुकला. आता हे दोन. दोघं माझ्या पायाकडे बघत होते.