लवंगी वासाच्या तुळशीसाठी

माझ्या भावाने मला फसवलं. नाव विलास, राहणार भांडुप. आई गेली त्या वर्षीच्या दिवाळीत त्याने माझ्या हातात एक रोप ठेवलं आणि म्हणाला, "ताई, ही आईची तुळस." ती आईची नव्हती.

गेल्या महिन्यात दुकान चार दिवस बंद का होतं, असं विचारून चिपळूणच्या माझ्या गिऱ्हाइकांनी मला हैराण केलं आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते.

आमच्या आईची तुळस म्हणजे आपली नेहमीची तुळस नव्हे. ती रानतुळशीच्या जातीची, माणसाच्या छातीपर्यंत जाणारी, रुंद पानांची. पण आईने गॅलरीतल्या वृंदावनात तीच लावली होती आणि संध्याकाळचा दिवाही तिलाच. पान चुरडलं की लवंगेचा वास यायचा. आमची दाढ ठणकली की आई दोन पानं चुरून दाढेखाली धरायला लावायची. थोड्या वेळात गालाची ती बाजू बधीर व्हायची आणि आम्ही तिच्या मांडीवर झोपून जायचो. आईच्या साड्या वाटल्या, भांडी वाटली, मी काही मागितलं नाही. मला तेवढा वास हवा होता.

मी आठवडी बाजारात गोणपाटावर हिरडा-बेहडा विकून काष्ठौषधींचं दुकान उभं केलं. माझ्या नाकाला कोणी फसवू शकत नाही. विलासचं रोप वाढलं, पान चुरडलं, तर वास ओव्याचा! कुंडी पिशवीत घातली आणि सकाळची एसटी पकडली.

पनवेलला बस बदलून बसताना कुंडी कलंडली आणि अर्धी माती शेजारच्या गृहस्थांच्या चपलेवर पडली. "बाई, झाड फिरायला नेताय का?" ते म्हणाले. "नाही, साक्षीला नेतेय," मी म्हटलं. भांडुपपर्यंत ते पाय वर घेऊन बसले.

विलासचं घर, म्हणजे आईचंच घर, भांडुपच्या चढावर आहे. दार उघडून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे.

"ताई, आधी पाणी पी, मग शिव्या घाल."

"पाणी नको. आईची तुळस कुठाय?"

"दिली ना तुला."

"ही नर्सरीतली आहे. ओव्याचा वास मारतेय. हुंग!"

"शपथ घेतो यार ताई, आईच्याच झाडाच्या मंजिऱ्यांची आहे. मी स्वतः पेरली."

"आणि झाड?"

"वाळलं."

"कशाने?"

तो पाट मांडायला आत वळला. गॅलरीतलं वृंदावन रिकामं होतं. त्यात कपड्यांचे चिमटे ठेवले होते. त्याची बायको चारू पानं वाढत होती. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, भात, सोलकढी. वाढता वाढता ती म्हणाली, "आईंनी जानकीबाईंना एक फांदी दिली होती ना? त्या ट्रॉम्बेच्या, मासे घेऊन यायच्या त्या." विलासने तिच्याकडे अशी नजर टाकली की तिने डाव परत पातेल्यात ठेवला. मला वाटलं, चोरी पकडली जाईल म्हणून घाबरतोय.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका नर्सरीत गेले. त्याने रोप इथूनच घेतलं असणार, असा माझा हिशेब. नर्सरीवाल्याने रोप पुढे केलं. "मावशी, लौंगवाली तुलसी. असली."

मी पान चुरडलं. "वास कुठाय?"

"ठंड में खुलेगा."

"ठंड में? आणि तोपर्यंत मी काय तुझं तोंड हुंगू?"

शेजारी कढीपत्त्याची रोपं निवडणाऱ्या दोघी हसल्या. त्याने आपण होऊन भाव निम्म्यावर आणला. तरी मी घेतलं नाही. ओव्याच्या वासाचं रोप मात्र त्याच्याकडे नव्हतं, कधी आलंही नव्हतं, हे त्याने मुलाबाळांची शपथ घेऊन सांगितलं.

दुपारी घाटकोपरला कुमुदताईंकडे गेले. औषधांच्या कारखान्यात त्या तेलांची तपासणी करायच्या, आता निवृत्त आहेत. माझ्या दुकानात ओवाफूल, म्हणजे ओव्याच्या अर्काचे खडे, अजून त्यांनी हुंगून पास केल्याशिवाय मी ठेवत नाही. त्यांनी मला जेवायला बसवलं आणि शेजारच्या गुजराती बाईंनी दिलेलं गरमरचं लोणचं वाढलं. गरमर म्हणजे बोटाएवढी मुळं, कुरकुरीत, किंचित उग्र.

"हे तुझ्या तुळशीचंच भावंड," कुमुदताई म्हणाल्या. "तुळस, पुदिना, सब्जा, पानओवा, सगळं एकच कुळ. देठ बोटांत फिरव, चौकोनी लागेल. ह्या गरमरच्या मुळातून एक द्रव्य निघतं, रक्तवाहिन्या सैल करतं, दाब उतरवतं."

"मग आणखी वाढा."

"तुला बरणीच देते. पण लोणच्यातल्या मिठाने तो परत चढेल."

मग त्यांनी माझ्या रोपाचं पान चुरडलं, डोळे मिटले. "थायमॉल. ओव्यात असतं तेच. आणि आईच्या झाडात होतं युजेनॉल, लवंगेतलं. दाताचे डॉक्टर वापरतात. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा ते थोडा वेळ गप्प करतं. जास्त झालं तर हिरडी भाजते. दोन्ही झाडं एकाच जातीची, पानं फुलं सारखी, पण पानावरच्या बारीक ग्रंथींत कुठलं तेल बनेल ते प्रत्येक झाडाचं वेगळं."

"म्हणजे विलास खोटं बोलला."

"नाही बोलला. आसपास कुणाकडे ओव्याच्या वासाची रानतुळस असेल. मधमाश्या तिचे पराग आईच्या फुलांवर घेऊन आल्या. बियांतून झाड येतं गं, तोच वास येईल याची खात्री नसते. तोच हवा तर फांदी लावायची." त्यांनी हात पुसले. "पण हेही वाईट नाही. जंतू मारतं, कफावर चांगलं. उत्तम औषध आहे."

"मला औषध नकोय, कुमुदताई."

त्यांनी माझ्या पानात आणखी भात घातला.

तिसऱ्या दिवशी ट्रॉम्बे. बस अणुकेंद्राच्या लांबलचक भिंतीच्या कडेकडेने गेली आणि शेवटच्या थांब्यावर तिने मला खाडीच्या वासात सोडलं. पलीकडे खारफुटी, अलीकडे बांबूंवर टांगलेले बोंबील. जानकीबाईंचं घर विचारावं लागलं नाही. एका दारात निळं प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्यात छातीएवढी रानतुळस उभी होती.

मी नमस्कारसुद्धा केला नाही. पान तोडलं, तळहातावर चुरडलं, नाकाशी धरलं.

लवंग. पण नुसती लवंग नव्हे. मागून थोडा हिरवा कडवटपणा, आईच्या पदराला असायचा तसा. मी पायरीवर बसले. दाढ दुखत नव्हती, तरी ते पान दाढेखाली धरलं. जीभ बधीर होत गेली. साठीला आलेली बाई मी, दुसऱ्याच्या दारात डोळे मिटून बसले होते आणि डोक्यावरून हात फिरण्याची वाट बघत होते.

"भांडुपच्या आयची थोरली ना गं तू? चिपलूनवाली?" आत जवळा निवडत बसलेली म्हातारी बाहेर आली.

"ओळखलंत, जानकीबाई?"

"हाकलनारी मानसं लक्षात रेतात, बाय."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मी कधी हाकललं?"

"तुजी आय गेली तवा मी आली व्हती, पाचव्या दिशी. ही तुलस मान टाकून उबी. तुमाला सुतक, तुमी हात लावायचा नाय, त्ये मना (मला) ठावं हाय. पन मना कुटं सुतक? मी तांब्या भरला. तर तू भायेर आलीस नि बोल्लीस, 'माशांच्या हातानं आमच्या तुळशीला पाणी नको.' मी तांब्या ठेवला नि गेली."

मला आठवलं. सगळं आठवलं. वैशाख होता. सुतकात घरातल्यांनी तुळशीला शिवायचं नाही, शेजारच्या कुणीतरी पाणी घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. शेजारचे गावाला गेले होते. पाणी घालायला एकच बाई आली, आणि तिला मी दारातून परत पाठवलं. पुढचे आठ दिवस ते झाड उन्हात उभं होतं. मी चिपळूणला निघाले तेव्हा ते पुरतं वाळलं नव्हतं, आता पाणी मिळालं की सावरेल असं धरून मी विसरून गेले होते.

"एक फांदी द्या," मी म्हटलं. आणि सवयीने पुढचं तोंडातून निघून गेलं, "काय घ्याल बोला."

जानकीबाई हसल्या. वाईट नाही हसल्या. "भाव करतंस? आनि माज्या हातानं पानी घातलेली चालंल तुला?"

मी बटव्याकडे गेलेला हात मागे घेतला. 

त्यांनी चार पानं खुडून माझ्या ओंजळीत ठेवली. "दाड दुकली तर आसूंदे. फांदी नाय देत. ती तुज्या आयनं मना दिली." मग आत जाऊन चहा आणला. तो मी प्यायले. दोघी खाडीकडे बघत बसलो.

चौथ्या दिवशी विलास बसथांब्यावर सोडायला आला. कुंडी त्याच्याच हातात होती.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्यापुढे? वाट लागली असती माझी." कुंडी माझ्या हातात देत म्हणाला, "मंजिऱ्या वाळल्या होत्या, त्या पेरल्या. वाटलं, वास तोच येईल. मला तरी कुठे दुसरं काही हवं होतं?"

बस आली.

चिपळूणला येऊन आता तीन आठवडे झाले. चार पानं कागदाच्या पुडीत आहेत. कुमुदताई म्हणाल्या होत्या, तेल उडून जाणारं असतं. रोज थोडं थोडं जातंय, म्हणून पुडी उघडायची नाही असं ठरवते आणि रोज उघडते. ओव्याच्या वासाची तुळस दुकानामागे जोरात वाढली आहे. तिला पाणी मीच घालते.

विलासने मला फसवलं नाही, हे इथे लिहून मी मागे घेते. जानकीबाईंकडे पुन्हा जाणार आहे, माफी मागायला, फांदी न मागता. ते माझं मी बघेन. पण त्या तेरा दिवसांत त्या घरात मामा होता, दोन्ही मावश्या होत्या, विलास होता, चारू होती. जेवायला बसलं की समोर गॅलरीत ते झाड वाळताना दिसायचं. माझं तोंड वाईट आहे, कबूल. पण घरच्यांनो, आता तुम्हाला विचारते, तुमची तोंडं कुठे गेली होती? एकानेही "सुमन, गप्प बस, त्या बाईला पाणी घालू दे" एवढं का म्हटलं नाही? तुमच्यातल्या कुणीतरी चिपळूणला यावं, माझ्या समोर बसावं आणि याचं उत्तर द्यावं.