कागदावर स्टोव्हचा भडका

दोस्तांनो, आपण आळीपाळीनं लिहितो ती फिरती वही दुपारपासून समोर आहे, पण लिहायचं टाळत होतो.

शेजारच्या शकूताईचा हात नवऱ्यानं जाळला. तो कंपनीतून यायच्या आत आम्ही चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, "बायकांच्या छळाविरुद्धचे मोर्चे तिकडं पुण्यात. पिंपरीत अजून जुनाच कायदा हाय, राव!" तरी लिहायला बसले.

मला वाचता येतं म्हणून तिनं नेलेलं, आणि मी बाहेर कुणाची तरी नवी मोटारसायकल बघत बसलो! आत आलो तोवर तिचा अंगठा उमटला होता. वर लिहिलेलं, 'स्टोव्हचा भडका उडून हात भाजला.'

मोर्चात आपण घसे फोडले. कायदा बदलणार म्हणतात. पण चौकीत लिहिणारे हेच राहणार ना?

शकूताई आमच्याकडेच बसलीय. आत्ता दारात तिचा नवरा आलाय. हसून म्हणतोय, "आमची मंडळी न्यायला आलोय."