डेल्फ्टमध्ये फोन बंद केला ती दुपार

माझी भाची नेदरलँड्समध्ये नोकरी करते. "आत्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत ये," हे ती तीन वर्षं म्हणत होती. शेवटी मी तिकीट काढलं आणि निघायच्या आठ दिवस आधी तिला कंपनीनं दुसऱ्या देशात धाडलं. "तू तरी ये. माझी खोली रिकामीच आहे, घरमालकीणबाई चांगल्या आहेत," ती म्हणाली.

वाशीमला घरात सगळे धरूनच चालले की आता मी जात नाही. नवरा म्हणाला, "एकटी काय करशीन तिथं? कॅन्सल कर." शिरपूरच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवते, रोज एसटीनं एकटीच जाते-येते. पण ते कुणी मोजत नाही. मी गेले.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. उंच, ताठ, केस पोरासारखे कापलेले. दारात पहिलंच वाक्य, "तुम्ही साडेचारला येणार होता. आता पाच वाजायला आले." मग कॉफी दिली. बिस्किटांचा डबा उघडला, एक बिस्कीट मला, एक स्वतःला, आणि झाकण बंद. आमच्याकडे पाहुण्यापुढं ताटली भरून ठेवतात आणि त्यानं एकच उचलावं अशी मनात इच्छा धरतात. इथं ती भानगड नव्हती. दोन दिवसांत मला ते आवडायला लागलं. जेवण सहा म्हणजे सहा. सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे भुरभुरायचे, आणि हे मोठी माणसं खातात, गंभीर चेहऱ्यानं. संडासाच्या भिंतीवर कॅलेंडर, त्यात नातेवाइकांचे वाढदिवस लिहिलेले. बाईंनी मला तारीख विचारून माझंही नाव त्यात टाकलं.

पण यातलं काहीच मी धड उपभोगलं नाही, कारण माझा फोन.

सकाळी सहाला पहिला, तेव्हा वाशीमला साडेनऊ. "गॅसचं पुस्तक कुठी हाये?" मग, "इन्व्हर्टरमंदी पाणी कधी टाकलं होतं?" मग सासूबाईंच्या गोळ्या. मग नुसतंच, "काय करून राह्यली?" कालव्याच्या काठावर उभी असताना, सायकलींच्या रस्त्यावर चुकून शिरून लोकांच्या घंट्या खात असताना, संग्रहालयात एका चित्रापुढं उभी असताना. त्या चित्रात एक बाई खिडकीशी बसली होती, तिला कुणी हाक मारत नव्हतं. मला तिचा सरळ राग आला.

बाईंच्या बहिणीचा वाढदिवस होता, मलाही नेलं. खोलीत गोल खुर्च्या मांडलेल्या. आलेला प्रत्येक जण वाढदिवसवालीचं अभिनंदन करी, मग तिच्या नवऱ्याचं, बहिणीचं, आणि शेवटी माझंही. मी काय केलं होतं? पण हात हातात घेऊन "अभिनंदन" म्हटलं की छान वाटतं. मी नुकती रुळत होते, केक कापत होते, तेवढ्यात फोन. व्हिडिओ कॉल. नवरा कपाट उघडून उभा. "माह्या पांढऱ्या शर्टाले इस्त्री झाली का नाही?"

मी बाहेर जाऊन बोलून आले. बाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय तुमचं घर चालत नाही, की ते चालत नाही हे तुम्हाला आवडतं?"

तोंडावर. केक खाणाऱ्या बारा माणसांसमोर. वऱ्हाडात आम्हीही तोंडावर बोलतो, पण बाहेरच्याला नाही. त्या दिवशी मी दोघांवरही चिडले, नवऱ्यावर आणि त्या बाईवर. बाईवर जास्त, कारण उत्तर मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेल्फ्टला गेले आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या फोन बंद केला. चार तास. बाजारात चीजचे तुकडे चाखले. कागदाच्या पुड्यात बटाट्याच्या गरम काड्या घेऊन बाकावर बसले. वारा एवढा की पदर सावरावा की पुडा, हे कळेना. दोन म्हाताऱ्या शेजारी येऊन बसल्या, काही न बोलता त्यांनी आपापले डबे उघडले. तिघी खात बसलो. परदेशात मला मिळालेला सगळ्यात चांगला वेळ तो.

फोन चालू केला तर एकोणतीस मिस्ड कॉल. नवऱ्यानं भाचीला उठवलं होतं, भाचीनं बाईंना. बाईंनी तिला सांगितलं होतं, "त्या मोठ्या आहेत. सहाला जेवण आहे, सहाला येतील." मी सहाला दोन मिनिटं कमी असताना पोचले. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि बटाटे वाढले.

परत आल्यावर माझ्या दिरानं गावाकडं शेतातल्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी बोलायला तोंड उघडलं की तोच सांगू लागे. "तिथं समुद्राच्या खाली जमीन हाये. पवनचक्क्या पाणी उपसतात. मी यूट्यूबवर सगळं पाह्यलं." माणसं त्याच्याकडं बघून माना डोलवत होती. मी ताटात भाकरी कुस्करत ऐकत राहिले. दहा मिनिटं, पंधरा.

"भाऊजी," मी म्हटलं, "मी गेली होती का तुमी?"

जाऊबाई हसली आणि हसू दाबायला पाणी आणायला उठली. मग मी डेल्फ्टचं सांगितलं, पण आता कुणाला रस नव्हता. सासूबाईंनी तेवढं विचारलं, "त्या म्हाताऱ्या डब्यात काय आनत होत्या?" मी सांगितलं, पाव आणि काकडी. त्या म्हणाल्या, "थंडंच?" आणि विचारात पडल्या.

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "पुढच्या साली आपण सारेच जाऊ. टूरवाल्यासोबत. खाण्यापिण्याचा त्रास नाही."

"नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"मले एकटीलेच जायचं हाये."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "माणसानं सांगून त पाह्यलं असतं," तो म्हणाला. मी पंधरा दिवस रोज फोनवर 'आता नको, मी बाहेर हाये' हेच सांगत होते, ते आठवून मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. वाशीम येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि त्यानं दोनदा "काय झालं?" विचारलं तरी, "काही नाही" असं मात्र या वेळी म्हटलं नाही. म्हटलं, "राग आला हाये. उद्या बोलू. सकाळी सातला, चहाच्या वेळी."

सकाळी तो खरंच टेबलाशी येऊन बसला. पंधरा मिनिटं उशिरा.