मुंबईत उतरलो, असं मी आईला सांगितलं

देवाच्या अनुभवाविषयी लिहायला बसणाऱ्या माणसाने निदान रोज अंघोळीनंतर हात तरी जोडलेले असावेत. माझ्याकडे तेवढंही भांडवल नव्हतं. आमच्याकडची भक्ती आईकडे होती. सांगलीत ताईच्या घरी राहायला आल्यापासून ती दर गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जायची, माझ्या वाटचा नमस्कारही तीच करून यायची आणि पत्रात तसं कळवायची. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात बसून मला ही सोय फार आवडायची. परीक्षा, व्हिसा, नोकरी, बायकोचं ऑपरेशन, सगळं तिने दत्तापुढे ठेवलं होतं आणि सगळं पार पडलं होतं. पण खुद्द तिच्यासाठी त्याच्याकडे कुणी बोलायचं, हा प्रश्न कधी पडेल असं मला वाटलं नव्हतं.

१९८० नंतरच्या वर्षांतला एक जानेवारी. संध्याकाळी ताईचा फोन आला. डॉक्टरांनी आईला घरी पाठवलं होतं. "दोन-चार दिवस म्हणतात. तुझं नाव घेतेय. ये," एवढंच ताई बोलली. आमच्या गावचा छोटा विमानतळ बर्फामुळे बंद होता, पण मिनियापोलिसहून दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानात जागा मिळाली. तिथवर पाच तासांचा रस्ता. पहाटे मी सूटकेस भरायला लागलो तेव्हा रेडिओवर वादळाच्या आणि प्रवास टाळण्याच्या सूचना चालूच होत्या.

"रस्ते बंद करणारेत म्हणे," सुनंदा, माझी बायको, म्हणाली.

"म्हणू देत."

"तुम्हाला आई आहे तसे या मुलीला बाबाही आहेत हो. तेवढं लक्षात ठेवा."

मुलगी पायऱ्यांवर बसली होती. ती म्हणाली, "डॅडी, नो ट्रॅव्हल अॅडव्हाइज्ड मीन्स यू टू." मी दोघींचं ऐकलं नाही. वर आणखी एक शहाणपण केलं. तिकडे प्रत्येकाच्या डिकीत हिवाळाभर ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती असं सामान असतं. मोठी सूटकेस मावेना म्हणून मी ते सगळं काढून गॅरेजमध्ये ठेवलं.

दोन तासांनी हायवेवर फाटकासारखा दांडा आडवा पडलेला दिसला. रस्ता बंद. शहाण्या माणसाने गाडी वळवली असती. मी शेतांमधून जाणारा जुना रस्ता धरला. पंधरा-वीस मिनिटांत आकाश आणि जमीन यांतला फरक संपला. पुढचं बॉनेटसुद्धा दिसेना. कॉलेजात मी मुलांना घर्षण शिकवतो, आणि त्याच घर्षणाने साथ सोडल्यावर माझी गाडी आवाजही न करता रस्त्याच्या कडेच्या चरीत उतरली. मागचा पाइप बर्फात गाडला गेल्यामुळे इंजिन चालू ठेवण्यात जिवाला धोका होता. बंद केलं, तर थंडी आत येऊ लागली. आधी बोटं गेली, मग पाय आपले आहेत की नाहीत ते कळेना.

त्या तासाभराविषयी मी घरी कधी नीट बोललो नाही. मी रडलो. आईला भेटणार नाही म्हणून रडलो, आणि मुलगी पायऱ्यांवर बसली असेल म्हणून रडलो. दत्ताशी बोलायचा सराव नव्हता, त्यामुळे सुरुवातच भांडणाने झाली. तिने इतकी वर्षं तुझी पायरी झिजवली, आणि शेवटच्या चार दिवसांत तू तिचा मुलगा या चरीत टाकलास? मग सौदा सुरू केला: तिला ठेव. मग कमी केला: मला निदान पोहोचव. मग मागायला तोंड उघडेना. शेवटी मनात आलं ते इतकंच, की मला जमत नाही, तुझं तू बघ. याला शरणागती म्हणायची की दमणूक, मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात काचेला काहीतरी लागलं. दचकून पाहिलं तर थोरलं काळं कुत्र्याचं तोंड. इथे एक कबुली द्यायला हवी: मला कुत्र्यांची लहानपणापासून भीती वाटते. धुरापासून बचाव म्हणून मी काच बोटभर खाली ठेवली होती, ती मी घाईने वर केली आणि दाराला कुलूप लावलं. आई वाडीला दत्ताच्या कुत्र्यांना पोळ्या घालायची आणि तिचा मुलगा असा. कुत्रा दोनदा भुंकला आणि दिसेनासा झाला. मग मला कळलं की कुत्रा आहे म्हणजे जवळपास घर असणार, आणि मी त्याला घालवून दिलं होतं. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

तो परत आला. या वेळी त्याच्यामागे कमरेला दोर बांधलेला सत्तरीचा शेतकरी होता. दोराचं दुसरं टोक त्याच्या गोठ्याला बांधलेलं होतं. गोठा माझ्या गाडीपासून शंभर पावलांवर होता आणि मला तो दिसला नव्हता. म्हातारा म्हणाला, "असल्या हवेत हा बाहेर पाऊल टाकत नाही. आज दार ओरबाडून जीव खाल्ला."

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने माझे पाय कोमट पाण्यात ठेवले. जरा ऊब येताच मी विमान कंपनीला फोन करू का म्हणून विचारलं. कशासाठी निघालो ते तिने विचारून घेतलं आणि रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाली, "विमान तुझ्यासाठी थांबणार नाही. लाइन आहे तोवर आईशी बोल." एरवी ऑपरेटरमार्फत सांगली मिळायला अर्धा दिवस जायचा. त्या दिवशी काही मिनिटांत मिळाली. तिकडे रात्रीचे नऊ वाजले असतील. आईची खाट बाहेरच्या खोलीत, फोनजवळच होती.

"फार बोलायला लावू नकोस हं तिला," ताई म्हणाली.

मग आईचा आवाज आला. "कुठवर आलास रे?"

खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मुंबईत उतरलो, आई. सकाळी पोहोचतोच."

"हो का? बरं झालं. घाई करू नकोस, सावकाश ये. स्वेटर घातलायस ना?"

मुंबईत कसला स्वेटर, म्हणून मला हसू आलं आणि मी हो म्हणालो. अंगावर म्हाताऱ्याचाच स्वेटर होता. दहा मिनिटांनी मी सुनंदाला फोन लावायला गेलो तर लाइन पडली होती. माझं विमान दुपारी वेळेवर सुटलं, मला सोडून.

तिसऱ्या दिवशी लाइन दुरुस्त झाल्यावर कळलं की माझ्याशी बोलली त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास, आई गेली. ते विमान पकडलं असतं तर त्या वेळी मी समुद्रावर कुठेतरी असतो. घरापर्यंत पोहोचलो नसतो, आवाजही ऐकला नसता. हा हिशेब मला पुढे काही दिवसांनी जमला. तेव्हा एकच सलत होतं, की आईशी शेवटचं बोललो ते खोटं बोललो.

सांगलीला पोहोचलो तो दहाव्या दिवशी. तेराव्यानंतर, माणसं पांगल्यावर, ताईजवळ बोलून टाकलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"वेड्या, तिला कळलं होतं. तू अमेरिकेहून बोललास की आपलाच आवाज मागून परत ऐकू येतो ना? दर दिवाळीला ती त्यावरून हसायची. फोन ठेवल्यावर म्हणाली, 'तो तिथेच अडकलाय गं, आवाजात कापरं आहे. पण कुणाच्या तरी घरात आहे, भांड्यांचा आवाज येत होता. आता मला घोर नाही.' आणि मला बजावून ठेवलं, 'त्याला लगेच सांगू नकोस, त्याला वाटू दे की मला बरं वाटलं.'"

मी तिला सांभाळलं अशा समजुतीत होतो, आणि ती जाताजाताही मलाच सांभाळून घेत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. वाडीला गेलो. पादुकांसमोर उभा राहिलो आणि मागायला काही आठवेना. पोहोचू न दिल्याबद्दल आभार मानायचे तर ते कोणत्या शब्दांत, तेही सुचेना. नुसताच उभा होतो. नदीवरून गार वारा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मागे रांग खोळंबली असणार, कारण कुणीतरी खांद्याला हात लावून म्हणालं, "काका, झालं असंल तर पुढं सरका की."

मी हात जोडले आणि पुढे सरकलो.